दवाखान्याला पैसा कसा द्यावा: तालुक्यातल्या नव्या विश्वस्तांसाठी

तालुक्याच्या ठिकाणी एखादी धर्मादाय संस्था उभी राहते, चार चांगली माणसं विश्वस्त होतात आणि पहिल्याच सभेत ठराव होतो: ग्रामीण रुग्णालयाला एक यंत्र भेट द्यायचं. यंत्र येतं, हार घातला जातो, फोटो निघतात. दीड-दोन वर्षांनी तेच यंत्र कोपऱ्यात चादरीखाली झाकलेलं असतं. चालवणारा तंत्रज्ञ सोडून गेलेला असतो, रिएजंट (तपासणीला लागणारी रसायनं) संपलेले असतात किंवा दुरुस्तीच्या कराराची मुदत उलटलेली असते.

आरोग्यसेवा हा रोजचा खर्च आहे. नर्सचा पगार, गोळ्या, पाणी, डिझेल, कचऱ्याची उचल, तुटलेला सुटा भाग. हा खर्च किमान तीन वर्षं कोण देणार, हे कागदावर येईपर्यंत कुठलीही वस्तू विकत घेऊ नका. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत.

पहिली पायरी: आपली घटना आणि आपली खाती वाचा

संस्थेच्या घटनेत उद्देश आणि कार्यक्षेत्र लिहिलेलं असतं. 'वैद्यकीय मदत' हा शब्द उद्देशांत नसेल आणि फक्त 'शिक्षण व सामाजिक कार्य' असेल, तर आरोग्यावरचा खर्च लेखापरीक्षणात अडकतो. कार्यक्षेत्र एकाच तालुक्याचं असेल आणि रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात मदत करायची असेल, तर 'तालुक्यातील रहिवाशांना' असा शब्दप्रयोग आहे का ते पाहा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

महाराष्ट्रातल्या संस्थांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू आहे. त्यातल्या चार तरतुदी नव्या विश्वस्ताने पाठच कराव्यात. विश्वस्त बदलले की कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. कलम ३५ नुसार शिल्लक पैसा बँक, टपाल बचत, सरकारी रोखे अशा ठरलेल्या ठिकाणीच गुंतवायचा. कलम ३६ नुसार संस्थेची इमारत विकायची किंवा ३ वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. आणि संस्थेसाठी कर्ज काढायचं तरी परवानगी लागते.

यातली कलम ३६ ची चूक सर्रास होते. संस्थेची रिकामी इमारत एखाद्या रुग्णालयाला '१० वर्षांच्या कराराने, नाममात्र भाड्याने' दिली जाते. हेतू उत्तम, पण परवानगी नसल्याने करार कुचकामी ठरतो आणि पुढे वाद झाला की दवाखानाच बंद पडतो. बदल अर्जाचा आळसही महाग पडतो: बँक सह्या मान्य करत नाही, देणगी देणारी कंपनी परिशिष्ट एकचा (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा) ताजा उतारा मागते आणि त्यावर दोन दिवंगत विश्वस्तांची नावं निघतात.

खाती तीन भागांत मांडा. कायम निधी, म्हणजे ज्याचं फक्त व्याज वापरायचं. विशिष्ट कामासाठी आलेला निधी, जो दुसरीकडे वळवता येत नाही. आणि सर्वसाधारण निधी, ज्यातून तुम्ही खऱ्या अर्थाने निर्णय घेऊ शकता. बँकेत ४० लाख दिसतात म्हणून खूश होऊ नका, त्यातले सर्वसाधारण किती ते विचारा.

आता साधा हिशेब. कायम निधी १ कोटी रुपये, मुदत ठेवीवर ७ टक्के व्याज धरलं, तर वर्षाला ७ लाख मिळतात, महिन्याला साधारण ५८,००० रुपये. महागाईत मुद्दल झिजू नये म्हणून व्याजातला थोडा भाग परत मुद्दलात टाकायला हवा. म्हणजे हातात उरतात ४५,००० च्या आसपास. त्यात एक परिचारिका, एक आरोग्यसेविका आणि थोडी औषधं बसतात. रुग्णालय बसत नाही. ही मर्यादा पहिल्या दिवशी मान्य केली की पुढची निम्मी दुःखं टळतात.

आयकराची बाजू सनदी लेखापाल सांभाळतील, पण विश्वस्तांना हे माहीत असावं: वर्षाच्या उत्पन्नातला किमान ८५ टक्के भाग उद्देशांवर खर्च व्हायला हवा, उरलेले १५ टक्के मागे ठेवता येतात. दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला अनुदान दिलं, तर त्या रकमेचा ८५ टक्के भागच तुमचा खर्च म्हणून धरला जातो, आणि तिच्या कायम निधीसाठी दिलेली रक्कम तर धरलीच जात नाही. म्हणून अनुदानाच्या पत्रात 'चालू खर्चासाठी' असं स्पष्ट लिहा. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिले तर तो खर्चही मोजत नाहीत. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असल्याने कलमांचे आणि अर्जांचे क्रमांक बदलले आहेत. बोलण्यात मात्र अजून 'ट्वेल्व्ह-ए' (संस्थेच्या करसवलतीची नोंदणी) आणि 'एटी-जी' (देणगीदाराला वजावट देणारी मान्यता) हीच नावं चालतात.

दुसरी पायरी: सरकार काय देतं ते आधी पाहा

सरकार ज्याचे पैसे देतं, त्यावर तुमचा एक रुपयाही जाऊ नये. हे ऐकायला कठोर वाटेल, पण तुमचा निधी छोटा आहे.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा. सोबत कोरा कागद न्या आणि तालुक्याचा नकाशा काढा. निकषानुसार सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवं; आदिवासी आणि डोंगरी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० आहेत. प्रत्येक केंद्रापुढे तीन गोष्टी लिहा: मंजूर पदं, भरलेली पदं आणि प्रत्यक्ष मुक्कामी असलेली माणसं. हा तिसरा रकाना आशाताई आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तक सांगतील.

मग योजनांची यादी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देतात. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, आईची आणि बाळाची औषधं, ने-आण हे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. तातडीच्या वेळी १०८ ची रुग्णवाहिका. क्षयरोगाची औषधं मोफत.

आणि फार कमी विश्वस्तांना नीट माहीत असलेली एक गोष्ट: धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा. वरच्याच विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. सध्याची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १,८०,००० आणि दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० रुपये आहे. खर्चासाठी रुग्णालयाने एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' म्हणून वेगळ्या खात्यात टाकायची असते. निर्धन रुग्णाला खाट, परिचर्या, नेहमीच्या तपासण्या यांचं बिल लागत नाही. औषधं, साहित्य, शरीरात बसवायचे भाग खरेदीच्या दराने लावून ते या निधीतून वळते करायचे असतात. दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधं आणि साहित्याच्या बिलाचा किमान निम्मा भाग भरावा लागतो. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही.

म्हणून तुमच्याकडे मदतीचा अर्ज आला की पहिला प्रश्न पैशाचा नसावा. 'तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आहे का, रेशनकार्ड कुठलं आहे, आरोग्यमित्राला (रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्याला) भेटलात का?' हा असावा. संस्थेने फक्त एवढं केलं, की एक जाणकार माणूस पगारावर ठेवून रुग्णाला योग्य योजनेपर्यंत पोचवलं, तरी त्या पगाराच्या कितीतरी पट रक्कम गोरगरिबांच्या खिशात राहते. याहून चांगला आरोग्यखर्च छोट्या संस्थेसाठी क्वचितच सापडेल.

सगळं लिहून झालं की मधल्या फटी दिसू लागतात. त्या सहसा सारख्याच असतात: प्रवासखर्च आणि सोबतच्या माणसाचं जेवण, शस्त्रक्रियेनंतरची महिनोन्‌महिने घ्यायची औषधं, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांचा सलग पुरवठा, घराजवळचं डायलिसिस (मूत्रपिंड निकामी झाल्यावर यंत्राने रक्त शुद्ध करणं), लकवा झालेल्यांसाठी फिजिओथेरपी, अंथरुणाला खिळलेल्यांची घरी जाऊन शुश्रूषा. तुमचा पैसा इथे.

तिसरी पायरी: मदतीचा प्रकार ठरवा

एकेका रुग्णाला मदत हा सगळ्यात सोपा दिसणारा आणि सगळ्यात लवकर घसरणारा प्रकार. नियम थोडे ठेवा, पण मोडू नका. रक्कम रुग्णाच्या हातात न देता रुग्णालयाच्या नावाने धनादेशाने किंवा थेट बँकेत भरा. अर्जासोबत रुग्णालयाच्या शिक्क्याचं अंदाजपत्रक घ्या आणि आरोग्यमित्राकडून 'हा उपचार योजनेत बसत नाही' किंवा 'मर्यादा संपली' असं लेखी घ्या. अंदाजपत्रकावर उपचाराचं नाव मोघम असेल, नुसतं 'सर्जरी' लिहिलं असेल, तर परत पाठवा. वरची मर्यादा आधीच ठरवा, समजा २५,००० रुपये, आणि वर्षाची तरतूद बारा भागांत वाटा. हे केलं नाही तर ऑगस्टपर्यंत पैसा संपतो आणि जानेवारीतल्या तेवढ्याच गरजू माणसाला रिकाम्या हाताने पाठवावं लागतं. निर्णय ७२ तासांत व्हावा म्हणून दोन विश्वस्त आणि एक डॉक्टर एवढ्यांना अधिकार देणारा ठराव करून ठेवा. आजार मासिक सभेची वाट पाहत नाही. मदत घेणाऱ्याचा धनादेशासह फोटो काढून छापू नका. माणसाचा आजार ही त्याची खासगी गोष्ट आहे, आणि एचआयव्हीच्या बाबतीत तर संमतीशिवाय माहिती उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

शिबिरांबद्दल स्पष्ट लिहितो. पुढची सोय नसेल तर शिबिर घेऊ नका. एका दिवसात ४०० जणांचा रक्तदाब मोजला, त्यात ७० जणांचा जास्त निघाला, त्यांना पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. सहाव्या दिवशी काय? रक्तदाबाची गोळी रोजची असते. २०० रुग्णांना दिवसाला एक गोळी म्हटलं तरी महिन्याला ६,००० आणि वर्षाला सुमारे ७२,००० गोळ्या लागतात. जेनेरिक घेतल्या तर हा खर्च आवाक्यात येतो. खरा खर्च दर महिन्याला त्या गावात जाऊन रक्तदाब मोजणाऱ्या आणि न आलेल्याच्या घरी जाणाऱ्या सेविकेचा आहे.

गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्या मानधनावर पैसा घालणं किती दूर जातं, हे महाराष्ट्रानेच दाखवलं आहे. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूतांकडून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. पुढे देशभरातल्या आशांच्या कामात ही पद्धत आली. तिथे खर्चाचा मोठा भाग प्रशिक्षण, मानधन आणि देखरेखीवर होता.

डायलिसिस केंद्राचा हिशेब, कारण विचारणा त्याचीच सर्वांत जास्त होते

पाच यंत्रं, दिवसाला दोन पाळ्या, महिन्याचे २६ दिवस: ५ × २ × २६ = २६० वेळा. रुग्णाला आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागलं तर महिन्याला साधारण नऊ वेळा, म्हणजे पाच यंत्रांवर सुमारे ३० रुग्ण. तिनदा लागलं तर २०. यादीत एकतिसावा रुग्ण आला की तिसरी पाळी किंवा नवं यंत्र, अधेमधे काही नसतं. हिपॅटायटिस-बी असलेल्या रुग्णासाठी वेगळं यंत्र ठेवावंच लागतं. ते दिवसातला बराच वेळ रिकामं बसलं तरी त्याला दुसऱ्या कामाला लावायचं नाही.

पाणी. यंत्रातून मिनिटाला ५०० मिली शुद्ध केलेलं पाणी जातं. चार तासांचे १२० लिटर, धुण्याचं वेगळं. आरओ संयंत्र निम्म्याच्या आसपास पाणी फेकून देतं, त्यामुळे एका वेळेला २५० ते ३०० लिटर कच्चं पाणी धरा. दिवसाच्या दहा वेळांना अडीच ते तीन हजार लिटर, म्हणजे ५,००० लिटरच्या टँकरचा अर्ध्याहून जास्त भाग, रोज. मराठवाड्यात किंवा माणदेशात केंद्र काढताना मे महिन्यात हे पाणी कुठून येणार, ते लिहून घ्या. बोअरचं पाणी जड असेल तर संयंत्राचे पडदे लवकर चोंदतात आणि फेकलं जाणारं पाणी वाढतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो कार्बनच्या गाळणीत अडला नाही आणि रक्तापर्यंत पोचला, तर लाल पेशी फुटतात. म्हणून रोज सकाळी पहिल्या रुग्णाआधी क्लोरीनची चाचणी करून वहीत नोंदवायची. केंद्र पाहायला गेलात की ही वही मागा. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच बसणीत केलेल्या दिसल्या तर समजून घ्या.

माणसं. एक तंत्रज्ञ एका पाळीत साधारण तीन रुग्णांकडे नीट पाहू शकतो. पाच यंत्रांच्या दोन पाळ्यांना चार तंत्रज्ञ आणि रजेसाठी पाचवा. तालुक्याला शिकलेला तंत्रज्ञ वर्षभरात शहरात जातो, कारण तिथे पगार जास्त. स्थानिक मुलामुलींना अभ्यासक्रमाची फी देऊन तीन वर्षांच्या सेवेचा करार करून घेणं हा उपाय बऱ्याच ठिकाणी टिकतो. मूत्रपिंडतज्ज्ञ आठवड्यातून एकदा तरी आला पाहिजे. त्याच्या येण्या-जाण्याचा खर्च अंदाजपत्रकात दिसत नसेल तर तो येणार नाही असं समजा.

वीज चार तास अखंड हवी, म्हणून जनरेटर आणि डिझेल.

पैसा. डायलिसिस सरकारी योजनेत बसतं, पण दाव्याची रक्कम यायला महिने लागू शकतात. तीन महिने गेले तर ७८० वेळांचा खर्च केंद्राने आधी खिशातून करायचा. हा फिरता निधी नसल्यानेही केंद्रं बंद पडतात. संस्थेने यंत्राऐवजी हा फिरता निधी द्यावा. दावा मंजूर झाला की तो परत भरला जातो आणि पुन्हा वापरता येतो. शिवाय प्रत्येक वेळेला योजनेच्या दरापेक्षा खर्च थोडा जास्त येतो असं समजा. ४०० रुपये तूट धरली तर महिन्याला १,०४,००० आणि वर्षाला १२,४८,००० रुपये. ७ टक्के व्याजाने एवढी रक्कम यायला १ कोटी ७८ लाखांचा कायम निधी लागतो. वरच्या १ कोटीच्या संस्थेला हे एकटीने झेपणार नाही, हे इथेच कळतं. म्हणजे भागीदार शोधा किंवा दोनच यंत्रं सरकारी रुग्णालयातल्या केंद्राला जोडून द्या आणि तिथल्या एका तंत्रज्ञाचा पगार उचला.

चौथी पायरी: ज्याला पैसा द्यायचा त्याचे कागद

परिशिष्ट एकचा उतारा, आयकराची दोन्ही प्रमाणपत्रं, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, पॅन, बँकेचं पत्र. हे सगळेच मागतात. आरोग्यसेवेसाठी आणखी काही लागतं आणि तिथेच घोटाळा होतो.

रुग्णालयाची शुश्रूषागृह नोंदणी चालू आहे का? जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र आणि कचरा उचलणाऱ्या केंद्राशी करार आहे का? हा कचरा प्रक्रिया न करता ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. दुर्गम गावात गाडी आठवड्यातून एकदाच येत असेल तर काय करतात ते विचारा. एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना लागतो. सोनोग्राफी यंत्र तर कधीही परस्पर भेट देऊ नका: गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रालाच ते घेता येतं, आणि जागा बदलली तरी कळवावं लागतं. परदेशातल्या नातेवाइकाने पाठवलेलं जुनं यंत्र नोंदणीविना सुरू केल्याने सीलबंद झालं, तर देणाऱ्या संस्थेलाही उत्तरं द्यावी लागतात.

खरेदी असेल तर तीन कोटेशन आणि तुलनात्मक तक्ता. दर ठरवताना यंत्राच्या किमतीबरोबर हमीनंतरच्या पाच वर्षांच्या सर्वसमावेशक देखभालीचा दर त्याच कोटेशनमध्ये लिहून घ्या. साध्या वार्षिक करारात सुटे भाग धरलेले नसतात, सर्वसमावेशकात असतात. फरक पहिल्या बिघाडात कळतो. तपासणी यंत्र 'फुकट' मिळत असेल तर त्याचे रिएजंट दुसऱ्या कंपनीचे चालतात का ते विचारा. आरोग्यसेवा वस्तू व सेवा करातून मुक्त असल्याने रुग्णालयाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून अंदाजपत्रक करासहित धरा.

विश्वस्ताचा भाऊ औषधांचा घाऊक व्यापारी असेल, किंवा विश्वस्त डॉक्टरांचंच रुग्णालय लाभार्थी असेल, तर त्या विषयाला त्यांनी सभेतून उठून जावं आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. गावात सगळेच एकमेकांचे नातेवाईक असतात, त्यामुळे हे बोलायला अवघड जातं. पण हितसंबंधी व्यक्तीला फायदा झाला तर संस्थेची करसवलत धोक्यात येते.

पाचवी पायरी: करार आणि हप्ते

सामंजस्य करार चार पानांचा पुरे. त्यात सेवा कोणती, किती लोकांना, कुठे. कोणता खर्च चालेल. वस्तूची मालकी कोणाची. सेवा बंद पडली तर वस्तू कुठे जाईल. आणि तीन वर्षांनी काय, हे असावं. वस्तू दिली असेल तर ती जडवस्तू नोंदवहीत चढल्याचा पुरावा घ्या.

पगाराचा खर्च असेल तर पैसे तीन महिन्यांचे आगाऊ द्या. 'आधीच्या हप्त्याचं विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्चल्याचा दाखला) आल्यावरच पुढचा हप्ता' हा नियम कागदावर शिस्तीचा दिसतो, पण प्रमाणपत्रावर सही व्हायला महिना जातो, त्या महिन्याचा पगार थांबतो आणि नर्स नोकरी सोडते. ७५ टक्के रक्कम खर्च झाल्याचं बँक विवरणावरून दिसलं की पुढचा हप्ता सोडा. हिशेबाची जुळवणी नंतर होऊ द्या. भाडं, वीज, हिशेबनीस यांसाठी १० ते १५ टक्के वरखर्च मान्य करा. तो नाकारला तर लोक तो औषधांच्या बिलात लपवतात, आणि खोटेपणाची सुरुवात तुमच्या नियमातून होते.

अहवालात पाचच आकडे मागा. रक्तदाबाच्या कामात: नोंदलेले रुग्ण, या महिन्यात गोळ्या नेलेले, १४०/९० च्या आत आलेले, उपचार मध्येच सोडलेले आणि औषध नसल्याचे दिवस. डायलिसिसमध्ये: किती वेळा, किती रुग्ण, यंत्र बंद असलेले दिवस, प्रतीक्षायादी आणि एका वेळेचा खर्च. 'लाभार्थी १२,०००' असा आकडा आला तर तो फोडून मागा. त्यात एकच माणूस बारा वेळा मोजलेला असू शकतो. तीन महिन्यांतून एकदा न सांगता जा. कार्यालयात बसण्याआधी बाहेरच्या बाकावर बसा आणि रुग्णांना विचारा, किती वेळ झाला येऊन, बाहेरून काय आणायला सांगितलं.

पैसा कुठून आणायचा

वैयक्तिक देणगीची पावती त्याच दिवशी द्या. २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला करवजावट मिळत नाही. देणगीदारांची यादी आयकर विभागाकडे वेळेत भरली नाही तर संस्थेला दिवसाला दंड आणि देणगीदाराची वजावट अडकते. कायम निधीसाठी दिलेल्या देणगीबरोबर तसं लेखी पत्र हवंच.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर): कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. तो घ्यायला संस्थेचा सीएसआर नोंदणी क्रमांक आणि तीन वर्षांचं काम लागतं. फेब्रुवारीत फोन येतात: '३१ मार्चच्या आत खर्च करू शकाल का?' अशा वेळी घाईने यंत्र घेतलं जातं. त्याऐवजी त्यांना 'चालू प्रकल्प' म्हणून मान्यता द्यायला सांगा. मग न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत वापरता येते, आणि पगार त्यातून भागतात. यासाठीचा प्रस्ताव दिवाळीआधी तयार ठेवा.

परदेशातल्या मराठी माणसांकडून मदत येते तिथे जपून. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी योगदान ठरत नाही. अमेरिकेचं किंवा इंग्लंडचं नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी मात्र विदेशी आहे, त्यांच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरीही. ती घ्यायला विदेशी योगदान कायद्याची नोंदणी आणि नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. २०२० पासून असा पैसा दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. म्हणजे अनुदान वाटणाऱ्या प्रादेशिक संस्थेला तो फारसा उपयोगाचा नाही. अशा देणगीदाराला, ज्या रुग्णालयाकडे स्वतःची नोंदणी आहे त्याच्याशी थेट जोडून द्या. आधी पासपोर्ट विचारा, मग खाते क्रमांक द्या.

बाहेर पडण्याची पायरी

मुंबईत परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय सर दोराबजी टाटा ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू केलं. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. इतक्या मोठ्या ट्रस्टनेही उभं केलेलं रुग्णालय कायमच्या खर्चाची सोय असलेल्या हातांत दिलं, म्हणूनच आज गावाकडचा कॅन्सरचा रुग्ण तिथे जाऊ शकतो.

तालुक्यातही तेच करता येतं, लहान मापाने. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात जिल्हा शल्य चिकित्सक, तालुका आरोग्य अधिकारी आणि रुग्ण कल्याण समितीसमोर दोन वर्षांचे आकडे ठेवा आणि पुढच्या वर्षीच्या जिल्हा आराखड्यात त्या पदाची, औषधांची तरतूद लेखी मागा. तुमचा वाटा एकदम शून्यावर आणू नका: पूर्ण, मग दोन तृतीयांश, मग एक तृतीयांश. यंत्राच्या देखभालीचा करार हस्तांतरणाआधी नव्या मालकाच्या नावाने करून घ्या, सुटे भाग आणि संकेतशब्दांची यादी सोबत द्या, आणि हस्तांतरणानंतर सहा महिने एक माणूस महिन्यातून एकदा तिथे जाऊन त्या वहीतल्या क्लोरीनच्या नोंदी पाहत राहील अशी तरतूद ठरावातच करून ठेवा.